एकवाक्यतेचा भंग : जागतिक मोटार-रॅलीतून कारखानदारांचे निर्गमन

१. प्रश्नाचे स्वरूप

इ. स. २००८ च्या डिसेंबर महिन्यात, लागोपाठच्या दोन दिवशी, सुझुकी व सुबारू या दोन जपानी कंपन्यांनी जागतिक रॅली-अजिंक्यपद स्पर्धेतून निवृत्त होत असल्याचे जाहीर केले. सुझुकीचा या स्पर्धेतील तो पहिलाच पूर्ण हंगाम होता. सुबारूची गोष्ट निराळी. तिने १९९५, १९९६ व १९९७ अशी सलग तीन वर्षे कारखानदारांचे अजिंक्यपद मिळविले होते, आणि तिच्या निळ्या गाड्यांवाचून रॅलीची कल्पनाही करणे अनेक रसिकांना अवघड वाटत असे. या दोन निवृत्तींचा परिणाम असा झाला की, २००० साली ज्या स्पर्धेत सात कारखाने उतरले होते, त्याच स्पर्धेत २००९ साली सित्रोएन व फोर्ड हे दोनच कारखाने उरले.

त्या वेळी जागतिक अर्थसंकटाकडे बोट दाखविण्यात आले. आर्थिक संकट खरे होते यात शंका नाही. परंतु २००५ च्या अखेरीस प्यूजो, सित्रोएन, मित्सुबिशी व स्कोडा यांनी एकाच वेळी स्पर्धा सोडली तेव्हा असे जागतिक संकट नव्हते. २०१६ साली फोक्सवॅगन व २०१९ साली सित्रोएन गेली, तेव्हाही ते नव्हते. प्रत्येक वेळी सांगितले गेलेले कारण वेगळे, घटना मात्र तीच. जी घटना निरनिराळ्या निमित्तांनी पुनःपुन्हा घडते, तिचे मूळ निमित्तांत नव्हे, तर रचनेत शोधावयास हवे. मोटार-रॅलीच्या रचनेत असे कोणते वैगुण्य आहे की ज्यामुळे तिचे आश्रयदाते तिला वारंवार सोडून जातात, आणि त्या वैगुण्यातून तिच्या भवितव्याविषयी काय अनुमान निघते, एवढ्याच प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

२. दोन संज्ञा

विवेचनाच्या सोयीसाठी प्रथम दोन संज्ञांचा अर्थ निश्चित करणे इष्ट होय.

पहिली संज्ञा ‘रॅली’. मराठीत हा शब्द राजकीय पक्षाच्या मिरवणुकीसाठी किंवा जाहीर मेळाव्यासाठी इतका रूढ झाला आहे की, मोटारींच्या संदर्भात तो आला म्हणजे वाचक क्षणभर घोटाळतो. वस्तुतः दोन्ही अर्थांचे मूळ एकच आहे. विखुरलेल्यांना पुन्हा एकत्र आणणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून हा शब्द आला. १९११ साली माँटे कार्लोची पहिली रॅली झाली, तेव्हा युरोपातील निरनिराळ्या शहरांतून निघालेल्या मोटारी मोनॅको येथे एकत्र यावयाच्या होत्या. म्हणजे ती अक्षरशः ‘रॅली’च होती. पुढे या खेळाचे स्वरूप पालटले. आजची रॅली बंदिस्त धावपट्टीवर होत नाही. ती डोंगरातील, जंगलातील, बर्फातील नित्याच्या वापरातल्या रस्त्यांवर होते. वाहतूक बंद केलेल्या काही टप्प्यांवर एकामागून एक गाडी ठरावीक अंतराने सोडली जाते आणि तिला लागलेला वेळ मोजला जातो. या टप्प्यांच्या दरम्यान तीच गाडी इतर वाहनांबरोबर, वाहतुकीचे सर्व नियम पाळून, चालवावी लागते. चालकाशेजारी सहचालक बसतो आणि आधी करून ठेवलेल्या सांकेतिक टिपणांतून पुढील वळणाचे स्वरूप त्यास वाचून दाखवितो. प्रतिस्पर्धी समोर दिसत नसतो. सामना रस्त्याशी व घड्याळाशी असतो.

दुसरी संज्ञा ‘होमोलोगेशन’. सामान्य वाचकास ती अपरिचित असली, तरी या विषयाची किल्ली तीच आहे. स्पर्धेत उतरावयाची गाडी कारखान्याने ठरावीक संख्येने तयार करून विक्रीस ठेवली आहे, याची तपासणी करून आंतरराष्ट्रीय मोटार-महासंघाने दिलेली मान्यता, असा तिचा व्यावहारिक अर्थ. ‘समान’ आणि ‘वचन’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून ती साधली आहे; ‘तेच बोलणे’, ‘एकमत होणे’ हा तिचा मूळ अर्थ. मीमांसकांच्या परिभाषेतून मराठीत आलेला ‘एकवाक्यता’ हा शब्द तिला चपखल बसतो. रस्त्यावर धावणारी गाडी आणि दुकानात विकली जाणारी गाडी यांनी एकच वाक्य बोलावे, अशी ही अपेक्षा आहे. प्रेक्षकाने रविवारी जी गाडी जिंकताना पाहिली, ती सोमवारी त्याला विकत घेता यावी, या एका कल्पनेवर कारखानदारांचे रॅलीशी असलेले नाते उभे राहिले. हे नाते जसजसे सैल होत गेले, तसतसे कारखानदारांचे जाणे सोपे होत गेले, असे पुढील इतिहासावरून दिसून येईल.

३. एकवाक्यतेची अवस्थांतरे

प्रारंभीच्या काळात ही एकवाक्यता जवळजवळ संपूर्ण होती. १९६४, १९६५ व १९६७ साली माँटे कार्लोची रॅली जिंकणारी मिनी कूपर ही कोणासही विकत घेता येण्याजोगी लहानशी गाडी होती, आणि तिच्या विजयांचे आकर्षणही त्यातच होते. १९६८ साली लंडन ते सिडनी अशी जी प्रचंड मोटार-स्पर्धा झाली, तिच्यात सुमारे शंभर गाड्या निघाल्या होत्या. युरोप व पश्चिम आशिया ओलांडून त्या मुंबईस पोहोचल्या आणि तेथून ‘चुसान’ या जहाजाने ऑस्ट्रेलियास गेल्या. शेवटी विजयी ठरली ती अँड्र्यू कोवन यांची हिलमन हंटर, म्हणजे मध्यमवर्गीय कुटुंबाची एक साधी गाडी. इतक्या खडतर मार्गावर टिकलेली गाडी आपल्या रस्त्यावरही टिकेल, हे अनुमान ग्राहकास सहज काढता येत होते.

१९७३ साली जागतिक रॅली-अजिंक्यपद सुरू झाले. येथे एक बाब आवर्जून लक्षात घेतली पाहिजे. आरंभी हे अजिंक्यपद केवळ कारखानदारांसाठी होते; चालकांचे स्वतंत्र जागतिक अजिंक्यपद १९७९ साली आले. म्हणजे या स्पर्धेच्या घटनेतच कारखाना हा प्रधान आणि माणूस हा गौण मानलेला होता. आश्रयदाता निघून गेल्यावर खेळ पोरका का होतो, याचे अर्धे उत्तर या आरंभबिंदूतच सापडते.

एकवाक्यतेची दिशा उलटली तीही याच सुमारास. लान्सिया कंपनीची ‘स्ट्रॅटोस’ ही गाडी मुळात रॅली जिंकण्यासाठीच रचण्यात आली आणि नियमाच्या पूर्ततेपुरत्या तिच्या काहीशे प्रती विक्रीसाठी बनविण्यात आल्या. पूर्वी विक्रीच्या गाडीतून स्पर्धेची गाडी निघत असे. आता स्पर्धेच्या गाडीतून विक्रीची गाडी निघू लागली. स्ट्रॅटोसच्या बळावर लान्सियाने १९७४ ते १९७६ अशी तीन अजिंक्यपदे मिळविली. १९८१ साली ऑडीने क्वाट्रो ही गाडी आणली. चारही चाकांना इंजिनाची शक्ती पुरविण्याची योजना रॅलीत यशस्वी होऊ शकते, हे या गाडीने सिद्ध केले आणि त्याच योजनेच्या गाड्या ऑडीच्या विक्रीचा कणा बनल्या. रॅलीतून कारखान्यास खरोखर काही मिळाले, याचे इतके स्वच्छ उदाहरण पुढे क्वचितच आढळते.

त्यानंतर ‘ब’ गटाचे पर्व आले. या गटात मान्यतेसाठी केवळ दोनशे गाड्या पुरत असत. परिणामी प्यूजो २०५ हे नाव धारण करणारी स्पर्धेतील गाडी, तिच्या नामधारी भगिनीशी बाह्य साम्य सोडले तर फारसे नाते राखीत नव्हती. तिचे इंजिन चालकाच्या मागे होते व शक्ती चारही चाकांना मिळत होती. वेग वाढला, तशी प्रेक्षकांची गर्दीही वाढली. परंतु गर्दीला आवर घालण्याची व्यवस्था मात्र वाढली नाही. १९८६ च्या मार्चमध्ये पोर्तुगालच्या रॅलीत एक गाडी प्रेक्षकांत घुसून तीन माणसे मृत्युमुखी पडली. दोन महिन्यांच्या आतच, २ मे १९८६ रोजी, कॉर्सिका बेटावर हेन्री टोइव्होनेन व त्यांचे सहचालक सेर्जियो क्रेस्टो यांची लान्सिया दरीत कोसळून पेटली आणि दोघांचाही अंत झाला. महासंघाने १९८७ पासून हा गट बंद केला. ऑडी पोर्तुगालनंतरच बाहेर पडली होती. प्यूजोने अजिंक्यपद हाती असताना रॅलीचा जागतिक हंगाम सोडून पॅरिस–डाकारची वाट धरली.

पुढील ‘अ’ गटात नियमाचा काटा दुसऱ्या टोकाला गेला. आता वर्षाला पाच हजार गाड्या बनविण्याची अट आली. एकवाक्यता पुन्हा प्रस्थापित झाली खरी, पण तिची किंमत मोठी होती. चार चाकांची शक्ती व टर्बो या दोन्ही गोष्टी असलेली गाडी ज्याच्या विक्रीच्या यादीत आहे, तोच जिंकू शकत होता. लान्सियाजवळ ‘डेल्टा’ होती, म्हणून १९८७ ते १९९२ अशी सहा वर्षे अजिंक्यपद लान्सियाकडेच राहिले. नंतर टोयोटा, सुबारू व मित्सुबिशी या जपानी कंपन्यांनी तशाच गाड्या बाजारात आणल्या, आणि इम्प्रेझा व लान्सर इव्होल्यूशन यांचा एक निष्ठावंत ग्राहकवर्ग जगभर निर्माण झाला. परंतु युरोपातील इतर कारखान्यांना अशा गाड्या पाच हजारांनी बनविणे परवडणारे नव्हते. १९९३ पासून ही संख्या अडीच हजारांवर आणली गेली. तरीही अडचण सुटली नाही.

म्हणून १९९७ साली ‘जागतिक रॅली गाडी’ या नावाचा नवा वर्ग काढण्यात आला. कंपनीने साधी कौटुंबिक गाडी विकावी. तिला चार चाकांची शक्ती व टर्बो केवळ रॅलीपुरते जोडावे, असा त्याचा आशय. या सवलतीमुळे कारखान्यांची रीघ लागली. २००० साली फोर्ड, सुबारू, मित्सुबिशी, प्यूजो, सेआट, स्कोडा व ह्युंदाई असे सात कारखाने स्पर्धेत होते. मात्र एकवाक्यता आता किती औपचारिक झाली होती, हे प्यूजो २०६ च्या उदाहरणावरून दिसते. नियमानुसार गाडीची लांबी किमान चार मीटर हवी होती. २०६ ही त्याहून आखूड होती. तेव्हा कंपनीने पुढे-मागे लांब बंपर बसविलेली एक मर्यादित आवृत्ती विक्रीस काढून मान्यता मिळविली. ज्या नियमाचा हेतू दोन गाड्यांचे अंतरंग जुळविणे हा होता, त्याचे पालन बंपरांच्या लांबीने होऊ लागले. २०६ ने २००० ते २००२ अशी तीन अजिंक्यपदे जिंकली. पण ग्राहकास दुकानात मिळणारी २०६ पुढच्या दोनच चाकांवर चालणारी होती.

२०२२ साली आलेल्या ‘रॅली-१’ या वर्गाने उरलेला धागाही बहुतांशी तोडला. या गाडीचा सांगाडा पोलादी नळ्यांचा असून विक्रीच्या गाडीचा आकार त्यावर प्रावरणासारखा चढविलेला असतो. योगायोग असा की, टोयोटाने २०२० साली जी. आर. यारिस ही गाडी जुन्या एकवाक्यतेच्या परंपरेत, म्हणजे रॅलीचा विचार मनात ठेवूनच बाजारात आणली होती. कारखाना जुन्या कराराकडे परतला, तेव्हाच वरिष्ठ वर्गाच्या नियमांनी तो करार सोडला.

४. निर्गमनांची मीमांसा

वरील पार्श्वभूमीवर प्रमुख निर्गमने तपासली असता चार लक्षणे समान आढळतात.

पहिले लक्षण असे की, यश हे राहण्याचे कारण ठरत नाही. लान्सियाने १९९१ चे अजिंक्यपद मिळवून अधिकृत माघार घेतली. सित्रोएनने २००३ ते २००५ अशी तीन अजिंक्यपदे मिळवून विश्रांती घेतली व २००७ साली ती परतली. फोक्सवॅगनने २०१३ ते २०१६ अशी चारही वर्षे कारखानदारांचे अजिंक्यपद जिंकले आणि त्याच चार वर्षांत सेबास्टियन ओजिए यांनी तिच्या गाडीतून चालकांचे अजिंक्यपद मिळविले; तरीही २०१६ च्या नोव्हेंबरात, पुढील हंगामासाठीची नवी पोलो तयार असताना, कंपनी निघून गेली. किंबहुना यशानेच निर्गमन सुलभ होते, असे म्हणावयास हरकत नाही. जाहिरात म्हणून पाहिले तर पाचवा विजय हा पहिल्याइतका बोलका नसतो. पराभव मात्र तितकाच बोलका असतो.

दुसरे लक्षण, निर्णय खेळाच्या बाहेर होतो. फोक्सवॅगनच्या निर्णयापूर्वी, २०१५ च्या सप्टेंबरात, तिच्या डिझेल गाड्यांच्या धूर-चाचणीतील लबाडी उघडकीस आली होती आणि कंपनीस पुढे विजेच्या गाड्यांकडे वळावयाचे होते. २०१९ च्या नोव्हेंबरात सित्रोएन गेली, तेव्हा तात्कालिक निमित्त ओजिए यांच्या करारातून बाहेर पडण्याचे होते. परंतु एक चालक गेल्याने सारा कारखाना माघार घेतो, याचा अर्थ राहण्याची इच्छाच मुळात क्षीण झालेली असते. संचालक मंडळाच्या पटावर रॅली हे एक प्यादे असते. ते कधी हलवावे, हे ना चालकाच्या हाती असते, ना संयोजकाच्या, ना महासंघाच्या.

तिसरे लक्षण, निर्गमनाची वेळ. वर दिलेली बहुतेक उदाहरणे वर्षाच्या शेवटच्या दोन महिन्यांतील आहेत. हा काळ पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकाचा असतो. त्यामुळे जानेवारीत माँटे कार्लो येथे सुरू होणाऱ्या हंगामास पर्यायी व्यवस्था करण्यास अवघे काही आठवडे मिळतात. यांत्रिक, अभियंते व तरुण चालक यांच्या दृष्टीने हीच गोष्ट सर्वांत दुःखद ठरते. कंपनीच्या पत्रकात जी ‘धोरणाची पुनर्मांडणी’ असते, ती त्यांच्या घरी अचानक आलेली बेकारी असते.

चौथे लक्षण अलीकडचे व अधिक मूलगामी आहे. ज्या जातीच्या गाडीवर रॅली उभी होती, ती लहान व चपळ गाडीच बाजारातून मागे पडत आहे. फोर्डची फिएस्टा वर्षानुवर्षे रॅलीत धावली. २०२२ साली तिची जागा उंच बांध्याच्या प्यूमाने घेतली आणि २०२३ च्या जुलैमध्ये फिएस्टाचे उत्पादनच थांबले. जी वस्तू कारखाना विकत नाही, तिच्या पराक्रमाची जाहिरात त्याने का करावी, या प्रश्नास उत्तर नाही.

या चार लक्षणांचे तात्पर्य एकच. एकवाक्यता दृढ होती तेव्हा रॅली हा कारखान्याच्या मूळ व्यवसायाचा भाग होता. ती सैल झाल्यावर रॅली केवळ जाहिरातीचे एक माध्यम उरली. व्यवसायाचा भाग सहसा तोडता येत नाही. जाहिरातीचे माध्यम मात्र बदलता येते. यावरून जुन्या कडक अटी परत आणाव्यात असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो घाईचा ठरेल. ‘अ’ गटाच्या काळात कडक एकवाक्यतेने लान्सियाची मक्तेदारी निर्माण केली, आणि लान्सियाही अखेर गेलीच. शिथिल नियमांनी कारखाने येतात पण टिकत नाहीत. कडक नियमांनी ते येतच नाहीत. हा खरा पेच होय.

५. कारखाना गेल्यावर काय उरते?

कारखाना गेला म्हणजे सर्वच संपते, ही समजूत इतिहासास धरून नाही. १९९२ चे अजिंक्यपद लान्सियास मिळाले, तेव्हा तिच्या गाड्या जॉली क्लब या स्वतंत्र संघाकडे होत्या. २००६ साली सित्रोएन अधिकृतपणे बाहेर असताना क्रोनोस या बेल्जियन संघाच्या गाडीतून सेबास्टियन लोएब यांनी चालकांचे अजिंक्यपद मिळविले. हात मोडल्यामुळे हंगामातील अखेरच्या चार रॅली हुकल्या असतानाही. सर्वांत ठळक उदाहरण इंग्लंडच्या कंब्रिया परगण्यातील एम-स्पोर्ट या कार्यशाळेचे. माल्कम विल्सन यांनी उभारलेली ही संस्था फोर्डच्या वतीने रॅली लढवीत असे. २०१२ च्या अखेरीस फोर्डने आपला अधिकृत आश्रय काढून घेतला. तरी ती टिकली, आणि २०१७ साली तिने स्वतःच्या नावावर कारखानदारांचे अजिंक्यपद जिंकले. ओजिए यांनी त्या वर्षी व पुढील वर्षी तिच्याच गाडीतून चालकांचे अजिंक्यपद मिळविले.

परंतु या चित्राची दुसरी बाजूही मांडणे आवश्यक आहे. जॉली क्लबच्या लान्सियाला १९९३ साली एकही विजय मिळाला नाही, कारण मागे संशोधन करणारा कारखाना उरला नव्हता. एम-स्पोर्टला २०१९, २०२० व २०२१ या तीन हंगामांत एकही रॅली जिंकता आली नाही. टोयोटा व ह्युंदाई या दोन कारखान्यांच्या खर्चाशी तिला बरोबरी करता येत नव्हती. कार्यशाळेजवळ कौशल्य असते, निष्ठा असते. अभाव असतो तो सातत्याने वाढणारा खर्च पेलण्याच्या शक्तीचा. कारखान्याने मागे ठेवलेल्या वेगावर ती एक-दोन हंगाम काढू शकते. नवा वेग उत्पन्न करणे तिला कठीण जाते. म्हणून कार्यशाळांवर विसंबावयाचे असेल, तर प्रथम खर्चाची मर्यादा खाली आणली पाहिजे.

या बाबतीत वरिष्ठ वर्गाच्या खालची पायरी अधिक बोधप्रद आहे. २०१३ च्या सुमारास ‘आर-५’ या नावाने सुरू झालेला आणि पुढे ‘रॅली-२’ म्हणून ओळखला गेलेला वर्ग विक्रीच्या गाडीच्या खऱ्या सांगाड्यावर आधारलेला आहे, आणि त्यातील गाड्या खासगी स्पर्धकांस विकण्यासाठीच बनविल्या जातात. येथे कारखाना आश्रयदाता नसून विक्रेता असतो. स्कोडाने २००५ साली वरिष्ठ वर्ग सोडला. परंतु या वर्गातील तिच्या फाबिया गाड्या शेकड्यांनी विकल्या गेल्या आणि देशोदेशींच्या रॅलींत त्या दिसतात. जी कंपनी माथ्यावरून निघून गेली, ती पायथ्याशी अधिक घट्ट रुजली. भारताचा या क्रीडेशी आलेला महत्त्वाचा संबंधही याच वाटेने आलेला आहे. गौरव गिल यांनी २०१३, २०१६ व २०१७ साली आशिया-पॅसिफिक रॅली-अजिंक्यपद मिळविले, ते एम. आर. एफ. या भारतीय टायर-कंपनीच्या संघातून व स्कोडाच्या अशाच गाड्यांतून. २०१९ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. कारखान्याने निवडलेल्या मोजक्या चालकांच्या जगात असा प्रवेश जवळजवळ अशक्य होता.

६. भवितव्याच्या दिशा

२०२२ च्या नियमांमागे एक स्पष्ट हिशेब होता. मोटार-उद्योग विजेकडे वळत आहे. तेव्हा रॅलीच्या गाडीस इंजिनाबरोबर विद्युत्-यंत्रणेची जोड दिली, तर नवे कारखाने आकर्षित होतील. यंत्रणा बसविली गेली, गाड्या महाग व जड झाल्या. परंतु टोयोटा, ह्युंदाई व एम-स्पोर्ट-फोर्ड या तिघांपलीकडे चौथा कोणी वरिष्ठ वर्गात आला नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात महासंघाने ही यंत्रणा काढून टाकण्याचा निर्णय घेतला आणि २०२५ चा हंगाम तिच्याविना झाला. अनागत आश्रयदात्याच्या अभिरुचीचा अंदाज बांधून घर सजवावे आणि पाहुणा येऊच नये, तसे हे झाले. जे तीन घटक आधीपासून होते, त्यांना मात्र त्या सजावटीचा खर्च सोसावा लागला.

२०२४ च्या डिसेंबरात महासंघाने २०२७ पासूनच्या नियमांची रूपरेषा जाहीर केली. तिच्यात तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. एक, गाडीच्या किंमतीवर ३,४५,००० युरोंची मर्यादा. ‘रॅली-१’च्या तुलनेत हा खर्च निम्म्याहून कमी आहे. दोन, वेगाची पातळी ‘रॅली-२’च्या जवळ आणणे. तीन, मोटारी विकणाऱ्या कारखान्यांखेरीज स्वतंत्र कार्यशाळांनाही आपली गाडी रचून मान्यता मिळविण्याची मुभा. या तिसऱ्या तरतुदीचे महत्त्व फार मोठे आहे. १९७३ पासून ‘कारखानदार’ हाच या स्पर्धेतील एकमेव पूर्ण नागरिक होता. आता गाडी न विकणाऱ्यासही नागरिकत्व मिळू शकते. ज्या एकवाक्यतेचा गाभा जाऊन टरफल उरले होते, तिचा आग्रह नियमानेच सोडला, असाही याचा अर्थ लावता येईल.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. कारखान्याचे नाव नसलेली गाडी पाहावयास लोक येतील काय? सुबारूच्या निळ्या गाडीवर प्रेम करणारा प्रेक्षक एखाद्या कार्यशाळेच्या निनावी गाडीवर तितकेच प्रेम करील काय? हा आक्षेप टाळता येण्याजोगा नाही. रॅलीस तिकिटाचे दार नसते. शेकडो किलोमीटरांच्या रस्त्याला कुंपण घालता येत नाही. त्यामुळे प्रेक्षकांच्या पैशावर ती चालत नाही, आणि चित्रणाच्या हक्कांतून मिळणारे उत्पन्नही मोटार-शर्यतींच्या अग्रगण्य प्रकारांइतके नाही. अशा स्थितीत कारखान्याचा पैसा नको असे म्हणणे म्हणजे दारिद्र्यास निमंत्रण देणे होय. शिवाय तरुण चालकास वेतन देऊन वाढविण्याचे काम आजवर मुख्यतः कारखान्यांनीच केले आहे.

तथापि, प्रश्न कारखाने हवेत की नकोत असा नाही. ते असावेत, परंतु त्यांच्या जाण्याने हंगाम कोसळू नये, इतकीच अपेक्षा आहे. आपल्याकडे कलांच्या इतिहासात राजाश्रय व लोकाश्रय असा भेद करण्याची पद्धत आहे. राजाश्रयात वैभव असते, स्थैर्य नसते. राजा बदलला, की त्याची आवडही बदलते. लोकाश्रयात वैभव कमी असते, पण एका माणसाच्या लहरीने तो संपत नाही. वरिष्ठ रॅली ही पन्नास वर्षे राजाश्रयावर जगली. तिचा लोकाश्रय मात्र तिच्याजवळ सतत होता: रस्त्यांच्या कडेला विनावेतन उभे राहणारे स्वयंसेवक, स्वतःच्या पैशाने गाडी घेणारे स्पर्धक, लहान गावांतील मोटार-क्लब व कार्यशाळा. नियम करताना त्यांचा विचार सर्वांत शेवटी होत असे.

७. उपसंहार

या विवेचनातून एक कसोटी हाती येते. आजवर स्पर्धेची प्रकृती वरिष्ठ वर्गातील कारखान्यांच्या संख्येवरून जोखली गेली. सात असले की सुवर्णयुग, दोन असले की अंतकाळ. परंतु २००० सालच्या सातांपैकी फोर्ड व सुबारू वगळता बाकी सर्व २००५ च्या अखेरीपर्यंत निघून गेले होते, हे पाहिले म्हणजे ती संख्या आरोग्याचे लक्षण नव्हे हे कळून येते. अधिक खरी कसोटी अशी: उद्या सर्वांत मोठा आश्रयदाता निघून गेला, तर पुढील जानेवारीत किती गाड्या आरंभरेषेवर उभ्या राहतील? २०२५ च्या बहुतेक रॅलींत प्रथम वर्गाच्या गाड्या दहाबाराच्या आसपासच होत्या आणि त्या तीनच घरच्या होत्या. एक घर मिटले असते, तर उरलेल्या संख्येस अजिंक्यपद म्हणणे धाडसाचे ठरले असते. याच आरंभरेषेवर त्यांच्यामागे खासगी स्पर्धकांच्या कितीतरी अधिक गाड्या होत्या. वरचा वर्ग आणि हा खालचा वर्ग यांतील अंतर जितके कमी, तितका वरचा वर्ग सुरक्षित, हे यातून निघणारे अनुमान आहे.

कारखाने पुन्हा येतील आणि पुन्हा जातील. लान्सिया, प्यूजो, टोयोटा, सित्रोएन, ह्युंदाई या सर्वांनी निरनिराळ्या काळी हेच केले. त्यांच्या जाण्यास कृतघ्नता म्हणणे जसे अयोग्य, तसेच त्यांच्या येण्यास निष्ठा म्हणणेही अयोग्य. माल विकणे हे त्यांचे काम आहे व ते ते करतात. खेळ टिकविणे हे खेळाच्या व्यवस्थापकांचे काम आहे. दुकानातील गाडी व रस्त्यावरील गाडी यांची एकवाक्यता बहुधा परत येणार नाही. तिच्या जागी माथ्यावरचा स्पर्धक आणि पायथ्याचा स्पर्धक यांची एकवाक्यता साधता आली, तर निर्गमनाची पुढची बातमी येईल तेव्हा ती एका कंपनीची बातमी असेल. खेळाच्या अंताची नव्हे.